गाडी बाजूने घासली तर चूक कुणाची? (नागाव फाट्याजवळचा अपघात आणि पुढचे प्रश्न)

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. दाजींच्या गाडीला महामार्गावर नागाव फाट्याच्या अलीकडं ट्रक घासला. पेठ वडगावहून कोल्हापूरला येत होते. ताई शेजारी, भाचा मागच्या सीटवर. दिवेलागणीची वेळ, उसाचा हंगाम. डावीकडं ट्रक होता आणि ट्रकच्या पुढं मागचा दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली (एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या). ट्रॉली जवळ आल्यावर ट्रकवाल्यानं एकदम उजवीकडं घेतलं. दाजी त्याच वेळी ट्रकच्या बरोबरीला पोचलेले. डावी बाजू फेंडरपासून मागच्या दारापर्यंत घासली, गाडी दाबली गेली आणि उजवी बाजू डिव्हायडरला लागली. ताईच्या बाजूची काच फुटून अंगावर आली.

ट्रॅक्टरवाला थांबलाच नाही. ट्रकवाला म्हणतो, "मी समोरचं वाचवायला वळलो, तुम्ही मधी कशाला घुसला?" जमलेली माणसं म्हणत होती, घासलंच तर आहे, मिटवून टाका. दाजींनी मिटवलं नाही. फोटो काढले, ट्रकचा नंबर घेतला, त्याच रात्री पोलिसांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींची मान आखडली, उजवा खांदा उचलेना. आता मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चूक कुणाची धरतात? विमा कुणाचा लावायचा? आणि मानेचं दुखणं किती मनावर घ्यायचं?

नाद_खुळा_०९
भावा, यात विचारायचं काय? मोठ्या गाडीची चूक. कायदाच तसा आहे. ट्रकवाल्याकडून सगळा खर्च वसूल करा.

गॅरेजवाला_उद्यमनगर
असा कायदा मी तरी ऐकला नाही, पण ते वकील मंडळी सांगतील. मी पत्र्याचं सांगतो. बाजूनं घासलेल्या गाड्या आमच्याकडं हंगामात फार येतात आणि बहुतेकदा मालक येतानाच पॉलिश करून येतो. तसं करू नका. खुणा पुसल्या की बोलायला काही राहत नाही.

शाहूपुरीकर, मला एवढं सांगा:
डावा आरसा पुढं दुमडला होता का मागं?
ओरखडे कुठं बारीक सुरू होतात आणि कुठं खोल जातात?
पुढच्या दारावर टायरचे काळे डाग आहेत का?

शाहूपुरीकर
आरसा मागं, काचेकडं दुमडलाय. ओरखडा फेंडरवर सुरू होतो आणि मागच्या दारावर संपतो. पुढच्या दारावर काळे डाग आहेत, आणि त्याच्यात अर्धगोल रेघा, एकापुढं एक, कंपासनं काढल्यासारख्या.

गॅरेजवाला_उद्यमनगर
मग ऐका.

आरसा मागं दुमडला म्हणजे घासताना दाजींची गाडी ट्रकपेक्षा जोरात होती. ट्रक जोरात असता तर त्यानं आरसा मागून ढकलून पुढं, बॉनेटच्या दिशेला वळवला असता. एका दिशेनं चाललेल्या गाड्यांत हे जवळजवळ नेहमी असंच होतं. म्हणजे "ट्रक मागून आला आणि घासून गेला" असं कुणी लिहून दिलं असेल तर ते खुणांशी जुळणार नाही. दाजी ओव्हरटेक करत होते हे सरळ लिहा. ओव्हरटेक करणं हा गुन्हा नाही.

आता त्या अर्धगोल रेघा. त्या ट्रकच्या पुढच्या चाकाच्या नटांच्या. चाक फिरत असतं आणि गाडी पुढं सरकत असते, म्हणून नट सरळ रेघ न ओढता वळणं काढत जातो. काळा डाग टायरच्या गालाचा, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या रबराचा. ट्रकचं पुढचं चाक सरळ असताना ते हौद्याच्या आणि केबिनच्या रेषेत किंवा थोडं आतच असतं. स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की टायरची पुढची कड बाहेर येते. दारावर आधी टायर लागलाय आणि हौद्याचा घासा त्याच्यानंतर असेल, तर ट्रक त्या क्षणी वळत होता असं म्हणायला जागा आहे. एवढ्या एका खुणेवर निकाल लागत नाही, पण विमा कंपनीच्या सर्व्हेयरला ती बोट लावून दाखवा. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा आणि जमिनीपासूनची उंची दिसू द्या. ट्रकच्या चाकाच्या नटाची उंची आणि तुमच्या दारावरच्या रेघेची उंची जुळली की समोरच्याला "मी घासलोच नाही" म्हणता येत नाही.

उजव्या बाजूचा डिव्हायडरचा मार वेगळा ओळखू येतो. त्यात सिमेंटची पांढरी पूड बसते आणि तो खाली, दाराखालच्या उंबऱ्याच्या पट्टीवर जास्त असतो. गाडी धुऊ नका अजून.

कळंबा_रोड
दोन्ही बाजूंना एवढं लागलं तर एअरबॅग कशा उघडल्या नाहीत? कंपनीवर केस करता येईल का?

गॅरेजवाला_उद्यमनगर
घासताना गाडीला एकदम थांबवणारा धक्का बसत नाही. सेन्सर तो धक्का मोजतो. पत्रा दहा फूट फाटला तरी धक्का ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर एअरबॅग उघडणार नाही. ते बिघाडाचं लक्षण नाही. आपली खरी राखण अशा वेळी सीटबेल्ट करतो.

वकील_कसबाबावडा
"मोठ्या गाडीची चूक" हे आपल्याकडं रस्त्यावर फार ऐकू येतं. मोटार वाहन कायद्यात असं कुठंही नाही. भरपाईचा दावा चालवणारं न्यायाधिकरण बघतं ते एवढंच, की आपली रेषा कुणी सोडली आणि सोडताना काळजी घेतली का. ड्रायव्हिंगचे २०१७ चे विनियम आहेत, त्यात लेन बदलण्याआधी मागून-बाजूनं येणाऱ्याला अडथळा होणार नाही याची खात्री करायची जबाबदारी लेन बदलणाऱ्यावर टाकली आहे. समोर अडथळा आला म्हणून ती जबाबदारी जात नाही. ट्रकवाल्यानं अंतर ठेवलं असतं तर त्याला ब्रेक लावता आला असता.

पण दाजींकडंही प्रश्न येतील, त्याची तयारी ठेवा. वेग किती होता? डिपर किंवा हॉर्न दिला होता का? रस्त्यावर पट्टे होते का? सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळं त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी वळणं दिलीत आणि जुने-नवे पट्टे एकमेकांवर आहेत. पट्टा स्पष्ट नसेल तर "लेन कुणाची" हा वाद दोन्ही बाजूंनी होतो. त्या जागेचा दिवसाउजेडी फोटो आजच काढून ठेवा. काम चालू आहे, पुढच्या महिन्यात रस्ता तसा दिसणार नाही.

आता ट्रॅक्टर. तो कुणाला घासला नाही म्हणून तो सुटला असं समजू नका. अंधारात मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली महामार्गावर नेणं हा निष्काळजीपणाच आहे. ट्रक आणि ट्रॅक्टर दोघांची मिळून चूक आणि दाजींची काहीच नाही असं ठरलं, तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागता येते. सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा खेन्येई निकाल याच मुद्द्यावर आहे. त्यांनी आपापसात वाटणी करून घ्यावी. उलट दाजींचीही चूक काही टक्के निघाली, तर तेवढे टक्के कापले जातात. एक लाखाचा दावा आणि ३० टक्के चूक तुमची, तर हातात सत्तर हजार.

नाद_खुळा, तुम्हाला वाईट वाटू नये, पण "मोठ्याची चूक" असं धरून लोक पुरावाच गोळा करत नाहीत आणि नंतर आमच्यासमोर येऊन बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

नाद_खुळा_०९
वाईट कशाला वाटंल वकीलसाहेब. मला खरंच तसंच वाटत होतं. पण रस्त्यावर पोलीस सुद्धा मोठ्या गाडीवाल्यालाच धरतात, हे तर खरं?

वकील_कसबाबावडा
गुन्हा नोंद होणं आणि चूक सिद्ध होणं वेगळं. कुणाला लागलं असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५ लागतात, आणि पहिला संशय बहुतेकदा अवजड गाडीवर जातो. पण दाव्यात न्यायाधिकरण पंचनामा, नकाशा, खुणा, साक्षी बघून स्वतंत्रपणे ठरवतं. एफआयआर ट्रकवर असूनही मोटारसायकलवाल्याची चूक जास्त धरलेली प्रकरणं आहेत.

ऊसवाला_करवीर
सगळ्यांनी ट्रॅक्टरवाल्याला धोपटायला सुरुवात करायच्या आधी माझंही ऐका. माझ्या दोन ट्रॉल्या कारखान्याला चालतात.

दिवा नसतो हे खरं आहे आणि ते चूकच आहे. पण तो का नसतो ते बघा. ट्रॉलीचा दिवा ट्रॅक्टरच्या वायरवर चालतो. शेतात ट्रॉली सोडायची, दुसरी जोडायची, चिखलात पिन काढायची, ह्यात ती वायर हंगामात कितीतरी वेळा तुटते. शिवाय दिवा चालू असला तरी मोळ्या मागं बाहेर आलेल्या असतात, त्यांच्याखाली दिवा झाकला जातो. मागून येणाऱ्याला दिसतो फक्त काळा ढीग. ड्रायव्हर रात्रभर यार्डात नंबर लावून बसलेला असतो, झोप नसते.

मी यंदा लाल-पांढरा रिफ्लेक्टर पट्टा ट्रॉलीच्या पाठीवर खाली, मोळी येत नाही त्या उंचीला लावलाय, आणि बॅटरीवरचा लुकलुकणारा लाल दिवा शेवटच्या मोळीला बांधायचा असा ड्रायव्हरला दंडकच घातलाय. पट्ट्याचा खर्च एका खेपेच्या डिझेलपेक्षा कमी. कारखान्याच्या गेटवर "पट्टा नसेल तर ट्रॉली आत नाही" असं झालं तर आठ दिवसांत सगळ्या ट्रॉल्यांना पट्टे लागतील. शेतकऱ्यांनीच हे संचालकांकडं मागायला पाहिजे.

आणि गाडीवाल्यांनीही एक लक्षात घ्या. डबल ट्रॉली उतारावर आणि खड्ड्यात सापासारखी हलते. मागची ट्रॉली ड्रायव्हरच्या हातात नसते. वळणावर ती ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता आतल्या बाजूला कापत जाते. तिच्या शेजारून जाताना हातभर जागा पुरत नाही.

शाहूपुरीकर
ऊसवालेदादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. दाजी स्वतः शेतकरीच आहेत, त्यांचाही ट्रॅक्टरवाल्यावर राग नाही. पण त्या दिवशी भाचा मागं डावीकडं बसला असता तर, हा विचार ताईच्या डोक्यातून जात नाही.

हाडांची_डॉक्टर_ताराबाईपार्क
मानेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

शाहूपुरीकर, दाजींना आजच दाखवून घ्या. गाडी आधी उजवीकडं दाबली गेली आणि मग डिव्हायडरवर आपटून परत आली, म्हणजे मान दोन वेळा बाजूला झटकली गेली. मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात आणि दुखणं, आखडणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जाणवतं. त्या रात्री "काही लागलं नाही" असं सांगितलं असेल तर त्यात खोटं काही नाही, पण डॉक्टरकडच्या कागदावर आता तारखेनिशी नोंद झाली पाहिजे. खांदा उचलत नाही याचा अर्थ दाराच्या मधल्या खांबावर आपटला असावा. कॉलरबोन, खांद्याचा सांधा आणि उजव्या बरगड्या तपासून घ्या.

हाताला मुंग्या, पकड सैल होणं, वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, झापड, एकाची दोन दिसणं, पोटात किंवा बरगडीखाली दुखणं: यांतलं एकही असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभागात. मान चोळून घेऊ नका. आपल्याकडं मान "बसवून" देणारे आहेत, त्यांच्याकडं तर नकोच.

ताईंच्या अंगावर काच आली म्हणता. डोळा खुपत असेल तर चोळू नका, नेत्रतज्ज्ञांकडून तपासा. बारीक कण पापणीच्या आत राहतो.

या निमित्तानं सांगायची गोष्ट वेगळीच आहे. एका दिशेनं घासलं तर वेगातला फरक थोडा असतो आणि बहुतेक इजा नंतर गाडी भरकटल्यामुळं होतात. समोरून घासलं तर दोघांचे वेग एकत्र होतात, साठ आणि साठ म्हणजे एकशे वीस. आपल्याकडं समोरची गाडी ड्रायव्हरच्या बाजूनं जाते. बसमध्ये उजव्या खिडकीशी बसून कोपर बाहेर टेकवलेल्या प्रवाशाचा हात ट्रकच्या हौद्याच्या कडेला किंवा ट्रॉलीतल्या उसाच्या टोकाला लागतो. आमच्या शास्त्रात याला साइडस्वाइप फ्रॅक्चर असंच नाव आहे. दंडाच्या हाडाचं खालचं टोक, पुढच्या हाताची दोन्ही हाडं एकाच वेळी मोडतात, सांधा निखळतो, कातडी फाटून हाड बाहेर, कधी नस आणि रक्तवाहिनीही तुटते. अनेक शस्त्रक्रिया करूनही कोपर पूर्वीसारखा वाकत नाही. कमावत्या माणसाचा उजवा हात असतो तो. गारगोटी, राधानगरी, गगनबावडा, मलकापूर, कुठल्याही एसटीत शेजारचा माणूस कोपर बाहेर काढून झोपला असेल तर त्याला उठवा. रागावला तरी चालेल.

असा अपघात बघितलात तर हात ओढून सरळ करू नका. आहे त्या स्थितीत आधार द्या, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. पैशांअभावी थांबू नका. केंद्र सरकारची मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेली कॅशलेस उपचार योजना आहे: अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयांत.

निवृत्त_केएमटी
आयुष्य बसच्या स्टेअरिंगवर गेलं, म्हणून शहरातलं सांगतो. इथं महामार्गासारखं नसतं. व्हीनस कॉर्नर, दाभोळकर कॉर्नर, गंगावेश, बिंदू चौक, सगळीकडं एकच प्रकार. बस थांब्याला डावीकडं घ्यायला लागली की मोटारसायकलवाला डाव्या बाजूनं फटीतनं घुसतो. ड्रायव्हर उजवीकडं बसलेला. त्याच्या डाव्या दाराशेजारी, पुढच्या चाकाच्या मागं एवढी मोठी जागा आहे की तिथं दोन मोटारसायकली असल्या तरी आरशात दिसत नाहीत. तिथं हँडल नुसतं टेकलं तरी माणूस बसखाली जातो. त्याच्या पायाचा घोटा, गुडघा, नाहीतर जीव.

दुसरं म्हणजे बसची शेपूट. डावीकडं वळताना मागचा भाग उजवीकडं बाहेर झुलतो, कारण मागच्या चाकांच्या पलीकडं लांब भाग असतो. शेजारून चिकटून जाणाऱ्या मोटारीला तिथंच घासतं आणि माणूस म्हणतो बसनं कट मारला.

डाव्या बाजूनं ओव्हरटेक करायचा नाही, समोरचा उजवीकडं वळणार असेल तरच करायचा. ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

गगनबावडा_ट्रेकर
घाटात आरसे घासतात ते कुणाच्या माथी? करूळ, भुईबावडा, आंबा घाट, सगळीकडं पावसाळ्यात हाच वाद.

वकील_कसबाबावडा
अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे विनियमांतच आहे. उतरणाऱ्यानं थांबायचं. वळणावर सलग रेषा असेल आणि कुणी ती ओलांडून आला असेल तर त्याची चूक जवळजवळ ठरलेलीच. दोन्ही आरसे घासले आणि मधली रेषाच नाही, तर काचेचे तुकडे कुठं पडलेत ते बघतात. तुकडे थोडे पुढं उडतात, पण चाकांच्या आतून पडलेली माती-चिखल साधारण धडकेच्या जागीच पडतो. त्याचा फोटो गाडी हलवायच्या आधी घ्या. घाटात गाडी आडवी ठेवून वाद घालत बसू नका, दुसरा अपघात होतो.

विमा_प्रतिनिधी_राजारामपुरी
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. गाडीची दुरुस्ती लवकर हवी असेल तर स्वतःच्या सर्वसमावेशक पॉलिसीवर क्लेम करा. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार रुपये सक्तीची वजावट, म्हणजे तेवढे स्वतः भरायचे, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. पहिल्या वर्षीचा बोनस २० टक्के असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. नुसता ओरखडा असता तर बोनस राखणं स्वस्त पडलं असतं, पण तुमच्याकडं दोन्ही बाजू, काच, आरसा आहे. क्लेम कराच.

फॉर्म भरताना डावी बाजू आणि डिव्हायडरची उजवी बाजू एकाच घटनेत लिहा. वेगवेगळं लिहिलं तर दोन क्लेम धरले जातात आणि वजावट दोनदा. पोलिसांना कळवल्याची पोच जोडा.

समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातूनही मालमत्तेचं नुकसान मागता येतं, ट्रकसारख्या गाडीच्या पॉलिसीत त्याला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण तो मार्ग न्यायाधिकरणातून जातो. आपल्या कंपनीनं दिलेलं पुन्हा तिथं मागता येत नाही, न मिळालेला भाग मागता येतो.

शाहूपुरीकर
दाजींना आज सकाळीच दाखवलं. हाड मोडलेलं नाही, मानेच्या स्नायूंना ताण आहे, खांद्याला सूज आहे. डॉक्टरांनी अपघाताची नोंद कागदावर केली. टोप आणि नागाव फाट्याजवळच्या दोन पेट्रोल पंपांवर कॅमेरे आहेत, त्यातून ट्रॅक्टरचा नंबर मिळेल का? आणि दावा करायचा तर कुठं, किती दिवसांत?

वकील_कसबाबावडा
पंपाचं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. उद्याच पंपमालकाला लेखी विनंती द्या आणि त्याची प्रत तपास अंमलदाराला द्या, म्हणजे पोलीस ते अधिकृतपणे ताब्यात घेतील. तुम्ही मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग केलंत तरी मूळ रेकॉर्डिंग जपलं पाहिजे. अपघाताची वेळ आणि ट्रॅक्टरचा वेग धरून आधीची वीस-पंचवीस मिनिटं मागा. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉलीची वेळ आणि नंबर नोंदलेला असतो, तेही पोलिसांना सुचवा. ट्रॅक्टर सापडला तर त्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का ते आधी बघायचं.

दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा, २०१९ च्या दुरुस्तीनं ही मुदत परत आणली आहे आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. अपघात कोल्हापूर जिल्ह्यात झाला आणि दाजीही इथलेच, म्हणून कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. पुढं अपील करावं लागलं तर मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

येताना एवढं घेऊन या: पोलीस ठाण्याची पोच, पंचनाम्याची प्रत, औषधांची आणि तपासण्यांची मूळ बिलं, दाजींचं कामाचं नुकसान दाखवणारा कागद (दूध संघाची बिलं चालतात), आरसी, लायसन्स, पॉलिसी, आणि गॅरेजवाल्यांनी सांगितलेले मोजपट्टीसकट फोटो. ताईंचे आणि भाच्याचे तपासणीचे कागद वेगळ्या फायलीत, त्यांचे दावे वेगळे असतील.

गॅरेजवाला_उद्यमनगर
फोटो मी काढून देतो. गाडी उद्या सकाळी दहाच्या आत आणा, ऊन तिरपं असताना ओरखडे नीट उठून दिसतात. सर्व्हेयरलाही तिथंच बोलवा.